गृहसजावटीच्या प्रदर्शनात स्टॉल : मापाच्या तारखेपासून उलटे मोजत

किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, सरकत्या खिडक्या, मच्छरजाळ्या, सेफ्टी दरवाजे, वॉटरप्रूफिंग असा घराशी निगडित व्यवसाय करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या लहान कारखानदाराला वर्षातून एकदा तरी प्रदर्शनात स्टॉल घ्यावासा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. आमचा कारखाना रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि आम्ही किचन ट्रॉल्या व कपाटे बनवतो. पहिल्या प्रदर्शनातून परतलो तेव्हा आमच्याजवळ तीनशेच्या आसपास नावांनी भरलेली एक वही होती आणि त्या वहीचे आम्हाला मोठे कौतुक वाटले होते. प्रत्येक नावापुढे मोबाइल क्रमांक आणि ‘ट्रॉली हवी’ एवढाच शेरा होता. कोणाचे घर ऐरोलीत, कोणाचे उलव्यात, कोणाला ताबा मिळाला आहे आणि कोणाला तो दोन वर्षांनी मिळायचा आहे, यातले काहीच आम्ही लिहून घेतले नव्हते. फोन करता करता दिवाळी उलटली, ज्यांना खरोखर घाई होती त्यांची स्वयंपाकघरे तोवर दुसऱ्या कोणी बसवून दिली होती आणि एवढ्या जाडजूड वहीतून जेमतेम चार कामे हाती लागली.

तेव्हापासून आम्ही प्रदर्शनाची तयारी एकाच गोष्टीपासून सुरू करतो, ती म्हणजे ग्राहकाच्या घरी जाऊन माप घेण्याची ठरलेली तारीख. स्टॉलचा आकार, मांडणी, माणसे आणि खर्च हे सगळे त्या तारखेपासून उलटे मोजत ठरवता येते.

स्टॉलच्या आधी आपली ताकद मोजावी

आयोजकाचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी एका कागदावर साधा हिशेब मांडावा. समजा, ३ मीटर बाय ३ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा स्टॉल आहे आणि दर चौरस मीटरला ९,००० रुपये आहे. भाडे ८१,००० रुपये झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी १४,५८० रुपये आणि एकूण ९५,५८० रुपये. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्या १४,५८० रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतः भरायच्या करातून वजावट, मिळते, कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या लहान व्यावसायिकाला ते मिळत नाही, त्यामुळे त्याने पूर्ण रक्कम खर्चातच धरावी. भाड्याशिवाय मांडणीचा माल, टेंपो, हमाली, अतिरिक्त वीज, छपाई, माणसांचे जेवणखाण आणि त्या दिवसांत कारखान्यात थांबलेले काम हे धरले की आकडा सहज दोन लाखांवर जातो.

आता उलटे मोजावे. सरासरी काम १,२०,००० रुपयांचे आणि त्यात सुटणारे २४,००० रुपये धरले, तर नुसता खर्च भरून निघायला नऊ कामे लागतात. तीन घरी माप घेतल्यावर एक काम पक्के होते असे मानले, तर सत्तावीस घरी जावे लागेल. माप घेणारा माणूस एकच असेल आणि तो दिवसाला तीनच घरे करू शकत असेल, तर त्याचे नऊ दिवस गेले. नऊ कामे पक्की झाली आणि आपल्याकडे फिटरची जोडी एकच असेल, एका स्वयंपाकघराला चार-पाच दिवस लागत असतील, तर पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ भरला. हे सारे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने स्वतःचे घालावेत. मात्र हा हिशेब करून पाहिला की दुप्पट मोठा स्टॉल घेण्याची हौस बहुधा आपोआप ओसरते, कारण दहाव्या आणि विसाव्या ग्राहकाला आपण गाठणार केव्हा, हा प्रश्न समोर उभा राहतो.

कोणते प्रदर्शन, कोणता महिना

गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये भरणारी मोठी प्रदर्शने आणि वाशी स्थानकापासून पायी जाता येईल अशा सिडको प्रदर्शन केंद्रात किंवा ठाण्यातल्या एखाद्या मैदानावर भरणारी प्रादेशिक प्रदर्शने यांचा ग्राहक वेगळा असतो. पहिल्या प्रकारात वास्तुविशारद, देशभरातले वितरक आणि मोठे कंत्राटदार येतात. दुसऱ्या प्रकारात घोडबंदर रोडला किंवा खारघरला नुकताच ताबा मिळालेली कुटुंबे, तसेच वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये कडप्प्याच्या फळ्यांचा ओटा वीस-पंचवीस वर्षे वापरून कंटाळलेली मंडळी येतात. घरोघरी जाऊन काम करणाऱ्या लहान कारखानदाराला दुसराच ग्राहक लाभतो, कारण त्याचे घर आपल्या टेंपोच्या पल्ल्यात असते.

महिना निवडताना पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक दोन्ही समोर ठेवावे. पितृपक्षात गर्दी झाली तरी बयाणा देण्यास लोक कचरतात. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर ग्राहक उत्साही असतो, पण ‘सणाच्या आधी करून द्या’ ही त्याची अट पाळणे शक्य नसते. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या आगेमागे नव्या घरांची कामे निघतात आणि मे महिन्यात मुलांना सुटी असल्याने लोक घरात ठोकाठोक सहन करायला तयार असतात. आमचा अनुभव असा की सणाच्या तीन महिने आधीचे प्रदर्शन सणाच्या पंधरवड्यातल्या प्रदर्शनापेक्षा बरे, मग गर्दी निम्मी असली तरी चालेल.

आयोजकाकडे गेल्या वर्षीच्या स्टॉलधारकांची यादी मागावी आणि त्यातल्या आपल्याच धंद्यातल्या दोघांना स्वतः फोन करावा. ‘गर्दी कशी होती?’ असे विचारले तर ‘छान होती’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘यंदा पुन्हा घेताय का?’ असे विचारावे.

जागा घेताना

बंदिस्त सभागृहात दोन प्रकारची जागा मिळते. शेल स्कीममध्ये ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले, साधारण एक मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, खाली कार्पेट, एक टेबल, दोन खुर्च्या, काही दिवे आणि एक प्लग पॉइंट मिळतो. रॉ स्पेसमध्ये फक्त जमीन मिळते आणि सर्व उभारणी स्वतः करावी लागते. पहिल्या दोन-तीन वर्षांत शेल स्कीम पुरेशी असते. दोन बाजूंनी उघड्या असलेल्या कोपऱ्याच्या स्टॉलला जादा दर लागतो आणि तो बहुतेक वेळा द्यावा, कारण एका कुटुंबाशी बोलणे चालू असताना दुसऱ्या बाजूने दुसरे कुटुंब आत येऊ शकते.

नकाशावरच्या चौकोनावर विसंबून पैसे भरू नयेत. एका प्रदर्शनात आम्हाला मिळालेल्या स्टॉलच्या डाव्या कोपऱ्यात सभागृहाचा चांगला दीड फुटी खांब निघाला, जो नकाशात दाखवलेलाच नव्हता. आठ फुटी ओटा करून नेला होता, तो भिंतीला लागेना, म्हणून आदल्या रात्री सात वाजता सुतार बोलावून एक कपाट कमी करावे लागले. तेव्हापासून त्याच सभागृहात दुसरे कोणतेही प्रदर्शन चालू असताना टेप घेऊन जायचे आणि आपल्या जागेजवळ खांब, अग्निशमनाची पेटी, खाली आलेली एसीची डक्ट किंवा स्वच्छतागृहाचे दार यांपैकी काय आहे ते पाहून यायचे, असा आमचा नेम आहे. मैदानावर जर्मन हँगर, म्हणजे सांगाड्याचा मोठा मंडप, उभारून भरणाऱ्या प्रदर्शनात जमिनीचा उतार आणि धूळ हे दोन प्रश्न वाढतात. तिथे कपाटांखाली खालीवर करता येणारे पाय लावलेच पाहिजेत, नाहीतर ड्रॉवर आपोआप उघडतो आणि पाहणाऱ्याला वाटते की कामच वाकडे आहे.

करारपत्रात तारीख बदलल्यास किंवा प्रदर्शन रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळणार, आपल्याच धंद्याचा दुसरा स्टॉल शेजारी देणार का आणि पॅनेल खराब झाल्यास अनामतीतून किती कापणार, एवढी तीन कलमे तरी नीट वाचावीत.

कागदपत्रे

कारखान्यातून मांडणीसाठी नेलेला माल ही विक्री नसते, त्यामुळे त्यासाठी बीजकाऐवजी डिलिव्हरी चलन करावे, त्यावर ‘प्रदर्शनासाठी, परत येणार’ असे स्पष्ट लिहावे आणि वस्तूंची यादी जोडावी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागत नाही, त्यावर लागते. राज्याबाहेरून माल येत असेल तर मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी नसलेल्या परराज्यातल्या व्यावसायिकाला स्टॉलवर विक्री करायची असल्यास ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी विक्री सुरू होण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज करावा लागतो, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि ती नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची असून पुढे वाढवता येते.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्र सरकारची ‘प्रोक्युरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट’ योजना आहे. तिच्यात मान्यता मिळालेल्या प्रदर्शनांच्या स्टॉलभाड्याची काही प्रमाणात परतफेड होते. आपले प्रदर्शन त्यात बसते का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. स्टॉलवर टीव्ही लावून चित्रपटगीते वाजवायची असतील तर त्याचा परवाना लागतो. आमच्या मते ती वाजवूच नयेत, कारण गाण्याच्या आवाजात ग्राहकाने सांगितलेले माप चुकीचे ऐकू येते.

मांडणी : परात उभी राहते का?

९ चौरस मीटरमध्ये तीन स्वयंपाकघरांचे तीन तुकडे मांडण्याचा मोह टाळावा. मागच्या भिंतीला आठ फुटी एकच सलग ओटा आणि बाजूला एक उंच कपाट, एवढे पुरे. तो ओटा मात्र पूर्ण असावा, म्हणजे वर ग्रॅनाइट किंवा त्याच्या रंगाचा हलका तक्ता, खाली चमच्यांची, ताटांची, डब्यांची अशा तिन्ही प्रकारच्या ट्रॉल्या, सिंकखालचे कपाट आणि कोपऱ्याची सोय. उंची प्रत्यक्ष घरात असते तशी, साधारण ३२ ते ३४ इंच ठेवावी. दिखाऊपणासाठी उंच केलेल्या ओट्यापाशी उभी राहिलेली बाई लगेच ओळखते की इथे पोळ्या लाटता येणार नाहीत.

आमच्या स्टॉलवर सर्वांत उपयोगी पडलेल्या वस्तू म्हणजे पाच लिटरचा कुकर, मोठी परात, पोळपाट-लाटणे आणि मिसळणाचा डबा. पूर्वी आम्ही ट्रॉल्यांमध्ये काचेचे पेले आणि चिनी मातीच्या बशा मांडत असू, छायाचित्रात ते सुरेख दिसे. एका वर्षी नेरूळहून आलेल्या एका काकूंनी पंधरा इंची ट्रॉली बाहेर ओढली, आत पाहिले, परत लोटली आणि विचारले, ‘माझी परात यात उभी राहील का?’ आमच्याकडे परात नव्हती. पुढच्या दिवशी घरची परात आणली आणि मग दिवसभर तेच चालले: प्रत्येक गृहिणीने परात उभी करून पाहिली, कुकर झाकणासकट मावतो का ते पाहिले आणि तिथेच १५ इंची हवी की १९ इंची, याचा निर्णय झाला. मापाची तारीख ठरते ती अशा क्षणी, कारण ग्राहक मनाने स्वतःच्या स्वयंपाकघरात पोहोचलेला असतो. तीन दिवसांत ट्रॉल्यांची उघडझाप शेकडो वेळा होणार असल्याने मांडणीसाठी चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, उत्तम प्रतीचेच लावावेत आणि ट्रॉलीत खरे वजन ठेवावे. रिकामी ट्रॉली कोणाचीही अलगद सरकते.

दोन चाचण्यांची तयारी ठेवावी. पहिली म्हणजे चुंबक. बरेच जण खिशातून लोहचुंबक काढून ट्रॉलीला लावतात आणि चिकटला नाही की ‘३०४ आहे’ असा निर्वाळा देतात. वस्तुतः ३०४ आणि त्याहून स्वस्त २०२ या दोन्ही प्रतींच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही, तर वाकवलेल्या किंवा ओढून केलेल्या ३०४ च्या तारेला तो किंचित ओढलाही जातो. हे ग्राहकाला शांतपणे सांगावे आणि मँगनीज ओळखणारा द्रव व नऊ व्होल्टची बॅटरी ठेवून दोन्ही प्रतींच्या तुकड्यांवर थेंब टाकून रंगातला फरक दाखवावा. दुसरी चाचणी म्हणजे प्लायवुडचा तुकडा बुडवून ठेवलेली काचेची बरणी. जवळजवळ प्रत्येक स्टॉलवर ती असते आणि तिने फारसे काही सिद्ध होत नाही. आयएस ७१० या मरीन प्लायच्या मानकात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पाहतात. प्रदर्शनाचे तीन दिवस म्हणजेही ७२ तासच, पण बरणीतले पाणी थंड असते. त्यापेक्षा वापरणार तोच प्लाय आडवा कापून, त्याचे थर आणि आयएसआयचा शिक्का दिसेल असा ठेवावा.

दरपत्रक झाकून ठेवू नये. ‘समोर मांडलेला हा ओटा, जसा आहे तसा, बसवून, करासह इतके रुपये’ असा एक ठळक फलक लावावा. नुसता रनिंग फुटाचा, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या दर फुटामागचा, दर सांगणे ग्राहकाला फसवे वाटते आणि त्याचे चूक नाही, कारण त्या दरात ट्रॉल्या किती आणि दारे किती, हे प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो.

माणसे

अशा स्टॉलला एका वेळी तिघे पुरतात, पण त्यांतला एक कारखान्यातला फिटर असावा. ‘गॅसचा पाइप कपाटामागे बुजवायचा नाही, मीटरपाशी हात पोहोचला पाहिजे’ हे विक्रेत्याने सांगितले तर ग्राहकाला ती सबब वाटते, फिटरने सांगितले तर पटते. रविवारी हार्बर मार्गावर अनेकदा मेगाब्लॉक असतो हे लक्षात घेऊन पनवेल-मानखुर्द पट्ट्यातून येणाऱ्यांना आदल्या दिवशीच वेळापत्रक पाहायला सांगावे, कारण सर्वाधिक गर्दीही रविवारीच दुपारनंतर होते.

नोंद कशी घ्यावी

कार्बन ठेवून दोन प्रती निघतील अशी छापील वही करून घ्यावी. एक प्रत ग्राहकाला, एक आपल्याला. रकाने मोजके असावेत: नाव, मोबाइल, नोड (नवी मुंबईतला वाशी, खारघर असा विभाग) आणि सोसायटी, घराची स्थिती (राहते, ताबा मिळालेले, ताबा मिळायचा), ओट्याची अंदाजे लांबी, काम कधी हवे आणि सर्वांत खाली, मोठ्या चौकटीत, मापाचा वार, तारीख आणि वेळ. क्रमांक कशासाठी वापरणार हे एका ओळीत छापून त्याखाली संमतीची सही घ्यावी. वैयक्तिक माहितीविषयी २०२३ साली कायदा झाला आहेच, शिवाय ज्याने स्वतः सही केली त्याला आपला फोन अनाहूत वाटत नाही.

त्या चौकटीत काय लिहायचे ते आधीच ठरलेले असावे. आम्ही प्रदर्शनानंतरच्या दहा दिवसांचा तक्ता स्टॉलवर लावतो: दोन दिवस ऐरोली-घणसोली-कोपरखैरणे, दोन दिवस वाशी-सानपाडा-नेरूळ-सीवूड्स, तीन दिवस खारघर-कामोठे-पनवेल, तीन दिवस ठाणे शहर आणि घोडबंदर. ग्राहकाला ‘केव्हा येऊ?’ असे न विचारता ‘खारघरला आम्ही बुधवारी आणि गुरुवारी आहोत, सकाळी अकराची की संध्याकाळी पाचची वेळ चालेल?’ असे विचारावे. ओटा कोणी वापरायचा आणि पैसे कोणी द्यायचे, ती दोन्ही माणसे त्या वेळी घरी असतील अशीच वेळ घ्यावी. सोसायटीत दुपारी दोन ते चार काम बंद असते का, इंटिरिअरच्या कामासाठी अनामत भरावी लागते का, रविवारी तोडफोड चालते का, हेही तिथेच विचारून शेऱ्यात लिहावे. ज्यांचा ताबा वर्षाने आहे त्यांना मापाची तारीख देऊ नये, त्यांच्या नावापुढे ताब्याचा महिना लिहून वेगळ्या पानावर घ्यावे. तक्ता भरत आला की ग्राहकाला दिसू द्यावा, ‘फक्त आजच सवलत’ असे ओरडण्याची गरज पडत नाही.

उभारणी आणि आवराआवर

उभारणीच्या दिवशी बहुधा एसी बंद असतो, गाळ्याच्या दारात टेंपोंची रांग असते आणि शेजारच्या स्टॉलवर करवत चालू असते. म्हणून कपाटे कारखान्यातच पूर्ण जोडून, क्रमांक घालून, पुन्हा सुटी करून आणावीत, जेणेकरून छोट्या हत्तीच्या, म्हणजे लहान टेंपोच्या, एका फेरीत माल येईल आणि सभागृहात फक्त स्क्रू आवळावे लागतील. शेल स्कीमच्या पॅनेलला खिळा ठोकता येत नाही, त्यामुळे वरची कपाटे पॅनेलला टांगण्याचा विचारही करू नये. ती स्वतःच्या चौकटीवर उभी करावीत. सोबत एक्स्टेन्शन बोर्ड, दुहेरी चिकटपट्टी, साखळी व एस हुक, मायक्रोफायबरचे फडके आणि जास्तीचे दोन चॅनेल असावेत. हँडलचे नमुने फळीला आतून स्क्रूने पक्के करावेत, कारण संध्याकाळपर्यंत त्यांतले दोन-तीन नक्की नाहीसे होतात.

मांडलेल्या मालाचे पुढे काय, हेही आधीच ठरवावे. हाती असलेल्या एखाद्या कामाच्या मापाचाच ओटा मांडणीसाठी करावा, त्या ग्राहकाची संमती घेऊन त्याला थोडी सवलत द्यावी आणि प्रदर्शनानंतर चॅनेल नवे लावून तो त्याच्या घरी बसवावा. शेवटच्या रात्री सभागृहातले दिवे लवकर कमी होतात, म्हणून गेट पास दुपारीच सही करून घ्यावा आणि टेंपोवाल्याला दिलेल्या वेळेआधी तासभर बोलवावे.

प्रदर्शनानंतर

सोमवारी सकाळी वहीच्या सर्व प्रती नोडप्रमाणे लावून प्रत्येक ग्राहकाला आपापल्या वेळेची आठवण देणारा संदेश जावा. मापाला जाणाऱ्याने वहीतली ती प्रत सोबत न्यावी, म्हणजे ‘तुम्हाला १९ इंची ट्रॉली हवी होती, परातीसाठी’ असे म्हणत संभाषण जिथे थांबले होते तिथून सुरू करता येते. अंदाजपत्रक मापानंतर दोन दिवसांत हातात पडावे.

आयोजकाचा माणूस शेवटच्या दिवशी दुपारी पुढच्या वर्षीच्या आरक्षणाचा अर्ज घेऊन येतो आणि तिथल्या तिथे सही केल्यास सवलत सांगतो. त्याला चहा द्यावा, अर्ज ठेवून घ्यावा आणि साठ दिवसांनी वहीत तीन आकडे लिहून मगच तो भरावा: ठरलेल्या तारखा किती, प्रत्यक्ष झालेली मापे किती आणि बयाणा आलेली कामे किती. तारखा पुष्कळ आणि मापे कमी असतील, तर दुसरा स्टॉल घेण्याआधी माप घेणारा दुसरा माणूस ठेवावा.